शहाऐंशी किलोचं हेड, सहा किलोचा स्पिंडल

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात पैंजणाच्या पट्ट्या, जोडवी, करंड्यांची झाकणं यांचं काम घराघरांत चालतं आणि त्या कामाच्या मागे ठसे कोरणारे कारागीर उभे असतात. हे प्रकरण अशाच एका ठसेवाल्याच्या घरातलं. तो मला मामा म्हणतो, म्हणून इथे त्याला भाचा म्हणतो; नातं तेवढंच. मी शिरोलीच्या एमआयडीसीत बरीच वर्षं व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) मेंटेनन्समध्ये काढली. त्यामुळे कुणाच्या मशीनचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो.

भाच्यानं जुनं गिअरहेड मिलिंग मशीन घेऊन घरीच सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, केलं होतं. तैवानच्या रोंग-फू कंपनीच्या आरएफ-४५ या मशीनच्या नकला जगभर निघाल्या, त्यांतलंच हे एक. डव्हटेलचा, म्हणजे तिरक्या कडांच्या सरकपट्टीचा, उभा कॉलम, त्यावर वर-खाली सरकणारं अख्खं हेड, हेडात गिअर आणि डोक्यावर एसी मोटर. ठसे कोरायला या गिअरच्या स्पिंडलची (टूल फिरवणाऱ्या दांड्याची) गती पुरत नाही. म्हणून त्यानं हेडाच्या नाकाशी क्लॅम्प करून मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा वॉटर-कूल्ड स्पिंडल बसवला. वजन सहा किलो. म्हणजे आता गिअर, त्यांचं तेल, वरची मोटर आणि सगळं बीड एवढा पसारा वर-खाली व्हायचा तो या सहा किलोच्या स्पिंडलला उचलण्यासाठी.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “ही वरची मोटर चालवतोस का?”

“रविवारी फेसिंग लागतं की, मामा. प्लेटा त्याच्यावरच मारतो.”

फेसिंग म्हणजे प्लेटचा माथा सपाट करणं. म्हणजे वरची मोटर निघणार नव्हती. पुढचं सगळं या एका उत्तरामुळे घडलं.

तक्रार अशी. ओएचएनएसच्या (ठशांच्या पोलादाच्या) प्लेटवर वेलबुट्टीचा ठसा कोरायला लावला की सकाळी सुरू झालेलं काम दुपारपर्यंत ठीक दिसायचं. संध्याकाळी जॉब काढला की शेवटची बाजू पहिल्या बाजूपेक्षा खोल. एकदा तर ०.४ मिमी खोल निघाली. ठशाला एवढा फरक म्हणजे प्लेट भंगारात. त्याचं निदान ठरलेलं होतं: “हेडच लय जड हाय, मोटरला उचलंना.” म्हणून त्यानं साडेचार न्यूटन-मीटरची स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनं, फिरणारी) काढून त्याच चौकटीची, पण लांबीनं जवळपास दुप्पट, बारा न्यूटन-मीटरची मोटर बसवली. आता तर चारशेच्या फीडलाही (कोरताना मिनिटाला ४०० मिमी सरकण्याच्या वेगालाही) खोली सरकायला लागली. मोटर जवळपास तिप्पट ताकदीची आणि काम आधीपेक्षा वाईट, हे काही त्याच्या डोक्यात बसेना. माझा फोन वाजला तो तेव्हा.

खराब प्लेट काय सांगत होती

मी आधी मशीनला हात लावला नाही. बिघडलेली प्लेट मागितली आणि डायल गेज लावून कडेनं फिरवला. खोली हळूहळू वाढत गेलेली नव्हती, ती पायऱ्यांनी वाढली होती. पहिली पायरी ०.१ची, मग बराच वेळ सपाट, मग पुन्हा ०.१ची. अशा चार.

हा आकडा दिसला की अर्धं निदान होतं. फेरीला २०० स्टेप घेणारी मोटर ताल चुकते तेव्हा एक-दोन स्टेपवर थांबत नाही. रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, पुढच्या जुळणाऱ्या चुंबकी जागेवर जाऊन बसतो, आणि ती जागा चार पूर्ण स्टेपनंतर येते. चार स्टेप म्हणजे फेरीचा पन्नासावा भाग. हेड वर-खाली करणारा आट्यांचा दांडा, म्हणजे बॉलस्क्रू, एका फेरीला हेड ५ मिमी सरकवतो, त्याचा पन्नासावा भाग ०.१ मिमी. मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग घसरत असतं तर फरक कसाही आला असता. स्पिंडल तापून लांबला असता तर उतार दिसला असता, पायरी नव्हे. नेमके दशांश आले म्हणजे मोटर चार वेळा अडली होती, आणि चारही वेळा वर जातानाच. वर जायचं ते गेलं नाही, म्हणून त्यापुढचं सगळं कोरकाम तेवढं खाली उतरलं.

वर जायची वेळ तरी किती यावी? इथे त्याची कोरण्याची पद्धत आडवी आली. फिनिश चांगला यावा म्हणून तो एकाच दिशेनं कोरायचा. एक ओळ झाली की हेड ५ मिमी वर, रॅपिडनं (न कोरता नुसतं पळवायच्या वेगानं) मागे, पुन्हा खाली, पुढची ओळ. एका ठशात अशा हजारावर ओळी. म्हणजे शहाऐंशी किलोची हजारावर उठाबशी, आणि त्यांतल्या चार उठा चुकलेल्या.

(शहाऐंशी हा आकडा मी आत्ताच वापरला. तेव्हा तो कुणालाच माहीत नव्हता. भाचा दीडशे सांगत होता, त्याचा शेजारी दोनशे.)

काटा दोन ठिकाणी लावला

वजन मोजायला हेड उतरवावं लागत नाही. बॉलस्क्रूचा नट हेडापासून सोडवला, खाली लाकडाचे ठोकळे लावले, वर चेन-पुली टांगली आणि मध्ये भंगारवाल्याकडचा हुकाचा डिजिटल काटा अडकवला. हेड सावकाश वर ओढताना काटा जे दाखवतो ते वजन अधिक घर्षण. सावकाश खाली सोडताना दाखवतो ते वजन उणे घर्षण. दोन्हींची सरासरी काढली की वजन, आणि फरकाचा अर्धा म्हणजे घर्षण. एवढ्या साध्या मोजमापात दोन्ही आकडे हाती येतात, तरी लोक हे न करता मोटर विकत घेतात, याचं मला नवल वाटतं.

पहिल्यांदा हुक हेडावरच्या आयबोल्टमध्ये, म्हणजे उचलायच्या कडीत, अडकवला, कारण तीच जागा समोर होती. वर जाताना ९५, खाली येताना ७७. म्हणजे वजन ८६, घर्षण ९. छान सुटं चालत होतं हेड. भाचा म्हणाला, “मग अडतंय कुठं?”

मीही क्षणभर थांबलो. मग लक्षात आलं की बॉलस्क्रू काही आयबोल्टला धरून ओढत नाही. तो कॉलमला चिकटून, दोन स्लाइडांच्या मधून हेडाला उचलतो. म्हणून पट्टी लावून हुक नटाच्या जागी आणला आणि पुन्हा ओढलं. वर जाताना ११८, खाली येताना ५४. वजन तेच ८६. घर्षण मात्र ९ वरून ३२ किलो.

हेड तेच, जिब (सरकपट्टीतली फट घट्ट-सैल करणारी पट्टी) तोच, तेल तेच. फरक फक्त धरण्याच्या जागेचा. भरलेली बादली कडीनं उचलली तर सरळ वर येते. एका बाजूच्या काठाला धरून उचलली की तिरकी होते आणि विहिरीच्या कठड्याला घासत येते. हेडाचं वजन कॉलमच्या पुढे वीत-सव्वा वीत लोंबकळतं. स्क्रू मागून उचलतो. त्यामुळे हेड पुढे झुकू पाहतं, डव्हटेलची वरची आणि खालची टोकं कॉलमवर दाबली जातात आणि वर जाताना त्या दाबाचं घर्षण भरावं लागतं. जिब सैल करून हे घर्षण जात नाही, उलट हेड आणखी झुकतं. भाच्यानं जिब दोनदा सैल केला होता.

मोटरला हेड किती जड वाटतं

आता हिशोब. वर जाताना नटावर ११८ किलोचा भार, म्हणजे सुमारे ११६० न्यूटन. बॉलस्क्रूची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर ५ मिमी पिचला मोटरनं द्यायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १.०२ न्यूटन-मीटर. बास, एवढाच. खाली येताना तर ०.३८ नं हेड धरून ठेवायचं. साडेचार न्यूटन-मीटरच्या मोटरला हे न झेपण्यासारखं काही नाही, निदान मोटर थांबलेली असताना.

दुसरा हिशोब वेग वाढवण्याचा, आणि जुन्या मेंटेनन्सवाल्यालाही दर वेळी चकित करणारा तोच. सरळ रेषेत सरकणारं वजन फिरत्या स्क्रूतून पाहिलं की फार लहान होऊन जातं. ५ मिमी पिचमागे ८६ किलोच्या हेडाचं जडत्व मोटरच्या दांड्यापाशी पोचेपर्यंत उरतं ते फक्त ५४५ ग्रॅम-सेंटीमीटर वर्ग. २० मिमी व्यासाच्या, ६०० मिमी लांबीच्या स्क्रूचं स्वतःचं जडत्व सातशेच्या आसपास, म्हणजे हेडापेक्षा जास्त. जुन्या मोटरच्या रोटरचं १४००. नव्या बारावालीच्या रोटरचं ४०००.

भाच्यानं हेड जड वाटतं म्हणून जी मोटर आणली, तिचा रोटरच हेडाच्या सातपट जड होता. आता दर उठाबशीला मोटर बहुतेक ताकद स्वतःलाच फिरवण्यात घालवत होती.

ठशाच्या नक्षीवर हे आकडे लावून बघू. वेलबुट्टीची लाट साधारण २ मिमीला एक, उंची अर्धा मिमी. फीड १२०० ठेवला तर सेकंदाला दहा लाटा येतात आणि उभ्या अक्षाला लागणारा प्रवेग जवळपास १ मीटर प्रति सेकंद वर्ग होतो. त्यासाठी जुन्या मोटरसकट सगळं फिरवायला ०.३३ न्यूटन-मीटर लागतात, नव्या मोटरसकट ०.६५. त्यातला हेडाचा वाटा दोन्हीकडे तोच, ०.०७.

आणि तिसरी गोष्ट, जी खरं तर पहिलीच असायला हवी होती: पॉवर सप्लाय. कपाटात ३६ व्होल्टचा एसएमपीएस होता, बारावाली मोटर आल्यावरही तोच. स्टेपर मोटरवर छापलेला टॉर्क थांबलेल्या मोटरचा असतो. ती फिरायला लागली की दर स्टेपला कॉइलमध्ये करंट नव्यानं भरायला लागतो आणि कॉइलचा इंडक्टन्स त्याला अडवतो. बारावालीचा इंडक्टन्स साडेसहा मिलीहेन्री. ३६ व्होल्टवर करंट मिलीसेकंदाला साडेपाच अँपिअरनं चढतो. रॅपिडला एका स्टेपला मिळतात ०.६४ मिलीसेकंद. म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर चढतो तोवर पुढची स्टेप येते, आणि मोटरला हवेत सहा. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, तो यातून वजा. जुन्या मोटरचा इंडक्टन्स तीन. तिथे करंट दुपटीहून वेगानं चढतो.

स्टेपरवाल्यांत एक ठोकताळा चालतो: मिलीहेन्रीचं वर्गमूळ काढायचं, ३२ नं गुणायचं, तेवढे व्होल्ट वरची हद्द. जुन्या मोटरला ५५, नव्या मोटरला ८२. ज्या सप्लायवर लहान मोटरच अर्धपोटी होती, तिथे मोठी आणून बसवली होती.

वेगाबद्दल आणखी एक गैरसमज होता. “२३००च्या वर रॅपिड जातच नाही, एवढं जड हाय,” असं तो म्हणायचा. बाकी दोन अक्षांचंही तेच होतं, पण टेबलाला त्यानं एवढ्या वेगानं पळवून पाहिलंच नव्हतं. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग, म्हणजे फेरीला ३२०० पल्स. जुन्या कॉम्प्युटरवर मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मॅक-थ्री, त्याची पल्सची मर्यादा मूळ सेटिंगप्रमाणे २५ किलोहर्ट्झ. पंचवीस हजाराला बत्तीसशेनं भागा, पाचनं गुणा, साठनं गुणा: मिनिटाला २३४४ मिमी. ती हद्द सॉफ्टवेअरची होती. हेड दोन किलोचं असतं तरी २३४४च.

काय केलं, आणि पहिल्यांदा काय चुकलं

बारावाली मोटर काढली. (ती आता गावातल्याच एकाच्या वायर गुंडाळायच्या मशीनवर आहे आणि तिथे सुखात आहे, सावकाश फिरते.) साडेचारवाली परत आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका रिवाइंडिंगवाल्याकडून ४८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. रेक्टिफाय होऊन डीसी झाल्यावर ६८ व्होल्ट. ड्रायव्हर ८० व्होल्टपर्यंतचा घेतला, कारण खेडेगावात रात्री लाइन अडीचशेला चढते आणि तेव्हा हेच ६८ जाऊन ७४ होतात. ठोकताळ्याच्या ५५ पेक्षा हे जास्त आहे, मान्य. मोटर हात ठेवण्याइतकी गरम राहते, चटका बसत नाही, तोवर मी तिकडे लक्ष देत नाही. मायक्रोस्टेप १६ वरून १० वर आणले. रॅपिडची हद्द ३७५० झाली.

एवढ्यानंच काम भागलं असतं का? बहुधा भागलं असतं. पण लाइट गेल्यावरचं दुखणं बाकी होतं. बॉलस्क्रू ट्रॅपेझॉइडल स्क्रूसारखा स्वतःहून अडून राहत नाही. जुन्या मशीनच्या हँडलच्या स्क्रूला घर्षणच इतकं असतं की हेड जागच्या जागी राहतं. बॉलस्क्रू उलटाही गुळगुळीत फिरतो. लाइट गेली, ड्रायव्हरचा करंट गेला की ५४ किलोचा निव्वळ भार ०.३८ न्यूटन-मीटरनं मोटर उलटी फिरवत हेडाला खाली आणायचा. हेड सावकाश, आवाज न करता उतरायचं. अशात त्याच्या दोन टूलांची टोकं गेली होती आणि एकदा व्हाइसवर खड्डा पडला होता. खरं सांगायचं तर हे उतरणं बारावालीनं थांबवलं होतं, बंद मोटरचा नैसर्गिक अडसर तिच्यात जास्त असल्यामुळे. तिच्या बाजूनं बोलायला ही एकच गोष्ट.

म्हणून हेडाला वरून आधार द्यायचं ठरलं. कारखान्यातल्या जुन्या व्हीएमसींत कॉलमच्या पोटात बिडाचा ठोकळा साखळीवर टांगलेला असतो. नव्यांत बहुतेक तोही नसतो, ब्रेकची सर्वो मोटर असते. घरी वजन टांगायला लोक घाबरतात ते “जडत्व दुप्पट होईल” म्हणून. वरचाच हिशोब लावला तर ६० किलोचा ठोकळा मोटरला चारशेच्याही आत वाटतो, रोटरच्या चौथ्या हिश्श्याला थोडा वर. त्या कारणानं नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही नाकारला तो दुसऱ्या कारणानं: मशीन घराच्या सोप्यात आहे, मागे पोरं खेळतात, आणि दोरीवर लटकणारे साठ किलो मला तिथे नको होते.

मग गॅस स्प्रिंग. गाडीच्या डिकीचं झाकण उचलून धरतात ते नायट्रोजन भरलेले दांडे. खालून ढकलायला लावता येत नव्हते, कारण टेबल आडवं सरकतं. म्हणून कॉलमच्या माथ्यावर सी-चॅनेलची चौकट बांधली, तिला पुढे आयबोल्टच्या बरोबर वर आणि मागे कॉलमच्या पाठीशी अशा दोन पुल्या लावल्या, जिमच्या मशीनच्या. आयबोल्टपासून ४ मिमीची वायररोप दोन्ही पुल्यांवरून मागे उतरते. मागे दोन गॅस स्प्रिंग चौकटीला उलट्या टांगलेल्या, दांडा खाली. दोन्ही दांडे एका आडव्या पट्टीला खाली ढकलतात आणि ती पट्टी रोप ओढते. दांडा खालीच हवा. आतलं थोडं तेल सीलवर राहतं आणि सील टिकतं.

रोप आयबोल्टलाच का, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. ती कॉलमच्या कडेशी बांधली असती तरी वजन तेवढंच हलकं झालं असतं. पण झुकणं तसंच राहिलं असतं आणि झुकण्याचं २३ किलो घर्षणही. बहुतेकांचा आधार फसतो तो इथेच. बांधायला सोपी म्हणून ते कॉलमजवळची जागा निवडतात आणि मग म्हणतात, गॅस स्प्रिंगनं फारसा फरक पडत नाही.

पहिल्यांदा ३०० न्यूटनच्या दोन घेतल्या, आणि चुकलो. गॅस स्प्रिंगवर छापलेला जोर दांडा पूर्ण बाहेर असतानाचा असतो. दांडा आत गेला की तो वाढतो. आमच्या स्प्रिंगचा ठसे कोरण्याच्या उंचीवर वीस टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे ६०० नव्हे, ७२० न्यूटन, ७३ किलो. काट्यावर वर जाताना २६, खाली येताना जवळजवळ शून्य. भाचा खूश. मोटर तर पिसासारखी फिरत होती.

पहिल्याच ठशावर नक्षीच्या कडा दुहेरी दिसायला लागल्या. डायल लावला तर उभ्या अक्षात ०.०३चा लॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई. “हा कुठून आला? आधी नव्हता.” आधीही होता. साध्या एकेरी बॉलनटात तेवढी ढिलाई असतेच, पण ५४ किलोचा भार नटाला कायम एकाच बाजूला दाबून धरत होता. आम्ही भार काढला आणि नट मोकळा झाला. हेडाचं वजन हा इतके दिवस शत्रू वाटत होता. तो फुकटात लॅश धरून ठेवायचं कामही करत होता.

डबल नटाचा खर्च न करता दोन्ही स्प्रिंग २५०च्या घातल्या. एकच बदलून ३०० आणि २५० अशी जोडी चालली नसती, पट्टी तिरकी झाली असती. आता कामाच्या उंचीवर आधार ६१ किलो, उरलेलं वजन २५. वर जाताना ४१, खाली येताना ९. ते नऊ किलो नटाला बसवून ठेवतात. लॅश डायलवर दिसेनासा झाला. वर उचलायचा टॉर्क १.०२ होता तो ०.३६ झाला. आणि लाइट गेल्यावर नऊ किलोत एवढा दम नाही की मोटर उलटी फिरवील. मेन स्विच पाच-सहा वेळा पाडून पाहिला, हेड जागचं हललं नाही. रोप तुटलीच तर मागची पट्टी गोळीसारखी खाली येईल, म्हणून पाठीला पत्रा ठोकला. स्प्रिंग खराब झाली तरी तिला भोक पाडायचं नाही की कापायची नाही, हे पत्र्यावर रंगानं लिहून ठेवलंय.

मग हेडाचं वजन महत्त्वाचं नव्हतंच का?

होतं, पण भाचा समजत होता तिथे नाही. रॅपिड ३७५०पर्यंत नेलं तरी मोटर अडली नाही. रोजच्या कामाला ३००० ठेवलं. पण फीड १२००ला नेल्यावर ठशाच्या सपाट भागावर अगदी बारीक शेवाळासारखी लहर दिसायला लागली. प्रवेग १ मीटरचा म्हणजे ८६ किलोचं हेड सेकंदाला दहा वेळा कॉलमला ८५ न्यूटनचा धक्का देतं, तोही कॉलमच्या पुढे लोंबकळून. मोटरला ते कळत नाही, कॉलमला कळतं, आणि कॉलमपेक्षा जास्त त्याखालच्या अँगलच्या स्टँडला. स्टँडवर पाण्याचा पेला ठेवला तर वर्तुळं उठत होती. रोप आणि स्प्रिंग यांनी हा धक्का जात नाही. त्या वजन पेलतात, वस्तुमान तेवढंच राहतं.

स्टँडचे पाय कोब्यात ग्राउट करून पक्के बसवले. ९०० फीडला लहर नाहीशी झाली आणि आम्ही तिथेच थांबलो. जो ठसा पावणेसहा तास घ्यायचा आणि तरी भरवशाचा नसायचा, तो आता अडीच तासांत होतो. ९००च्या पुढे जायचं तर एकच रस्ता उरतो: हेड जागेवर क्लॅम्प करायचं आणि सहा किलोच्या स्पिंडलला त्याची स्वतःची छोटी, ६० मिमी चालीची स्लाइड द्यायची. स्लाइड आणून ठेवली आहे. फेसिंगच्या रविवारांमुळे ती अजून कपाटातच आहे.

हे सगळं जानेवारीत झालं. एप्रिल संपता संपता मी त्याला सांगितलं, काटा पुन्हा लाव. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो, दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. पत्र्याच्या सोप्यात दुपारी चाळीस होतात. हिशोबानं आधार ६१ वरून ६५ किलोवर जायला हवा होता आणि खाली येतानाचे नऊ किलो कमी व्हायला हवे होते. ते शून्याला टेकले असते तर लॅश पुन्हा डोकं वर काढणार होता.

संध्याकाळी त्याचा फोटो आला. कॉलमच्या बाजूला खडूनं दोन ओळी. वरची जानेवारीची: ४१, ९. तिच्याखाली: दुपारी तीन, ३६, ६.